खाल्ल्या मिठाला

फॉर्मवर छपराचे पाच रकाने होते:
कौल, स्लेट, पत्रा, पेंढा, काँक्रीट.
मी पेन्सिल कानामागे खोचून उभा
लेसो बेटावरच्या एका बुटक्या घरासमोर,
ज्याच्या डोक्यावर समुद्र वाळत पडला होता.
मीटरभर जाड, करडा,
पागोळीपाशी झिपऱ्या लोंबताहेत.

'इतर' वर खूण केली.
पुढच्या रेघेवर काय लिहावं ते सुचेना.

"खाली उभं राहून काय कळणार?"
रिग्मोर शिडीवरून ओरडली. "वर ये."

ती आधी पोस्टात होती. बेटावरची कचेरी बंद झाली
आणि शिक्के मारणारे हात वेणी वळू लागले:
मांडीएवढी जाड वेणी, ओल्या समुद्रगवताची,
पट्टीला एक वेढा, मग पीळ,
मग गुडघा रोवून आवळायची.
सैल वेणी म्हणजे पावसाला आवतण.
वर ढिगावर तिची मदतनीस टूवे, सोळा वर्षांची,
कानात गाणी खुपसून नाचत होती.
नाच हेच काम: गवत तुडवून बसवायचं.
त्याचे तिला तासावर पैसे मिळतात.

मी जाडी मोजली. ओलावा मोजला.
वाशांना हातोडीने विचारलं.
ओक होता, पण भोकं भलत्याच जागी.

"जहाजाचं लाकूड आहे ते. बुडालेल्या.
बेटावर झाड होतं कुठे?
मिठाच्या चुलींनी सगळं रान खाल्लं.
खारं पाणी आटवता आटवता
घरावर घालायलाच काही उरलं नाही.
मग किनाऱ्यावर लाटांनी टाकलेलं हे उचललं बायकांनी."
पाकिटाला किती तिकीट लागेल
ते सांगावं, तशा आवाजात.

मी लायटर काढला.
मूठभर जुनं गवत, तिसऱ्या थरातलं,
काळवंडलं, धुमसलं, विझलं.
पुन्हा.
पुन्हा.
टूवे वरून हसली.

"मीठ," रिग्मोर म्हणाली,
"जळू देत नाही. कुजू देत नाही.
उंदीरसुद्धा तोंड लावत नाही."

मी गप्प.
माझी सगळी नोकरी मिठाशी भांडण्यात गेली.
फ्योर्डवरचा पूल, अठरा खांब,
सळईवर चाळीस मिलिमीटरचं काँक्रीट,
पुढच्या पुलाला पन्नास, त्याच्या पुढच्याला पंचाहत्तर,
तरी केसाएवढ्या भेगेतून ते आत जायचं
आणि लोखंड फुगायचं गंजाने,
आपल्याच कुशीतली भिंत फोडायचं.
शंभर वर्षांच्या हिशेबावर माझी सही होती.
एकतिसाव्या वर्षी पहिला पापुद्रा सुटला, एका होडीत पडला.
कुणाला लागलं नाही.
होडीवाल्याने तो तुकडा धुऊन, कागदात गुंडाळून
मला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नव्हती.

लोखंडाने मीठ खाल्लं आणि ते उलटलं.
हे गवत जन्मभर मिठात वाढलं,
मिठातच मेलं,
आणि अजून जागतंय खाल्ल्या मिठाला.

"अपेक्षित आयुष्य?" मी फॉर्मवरून विचारलं.
"कुणाचं?" ती म्हणाली.

नंतर तिनेच सांगितलं, चहा ओतताना,
की इथल्या समुद्रात रोग पडून गवत मेलं, फार पूर्वी,
ती जन्मायच्याही आधी.
आता दक्षिणेच्या बेटांवरून येतं, गठ्ठे बांधून,
ट्रकने, मग फेरीबोटीने.
यंदा उत्तरेची बाजू पुरी होईल.
दक्षिणेकडची पुढच्या वर्षी, वादळाने तिकडे पुरेसं टाकलं तर.
तोवर तिथे ताडपत्री.
ताडपत्रीचाही रकाना नव्हता.

दुपारी बूट काढून मीही वर गेलो.
टूवेने एक कान मोकळा करून
ती इअरफोनची गोळी माझ्या कानात घातली.
मला नाचता येत नाही. तुडवता आलं.

परतीच्या बोटीत फॉर्म उघडला तर
घडीतून एक काडी पडली,
काळी, तीनशे वर्षांची म्हणतात.
आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून
जिभेवर ठेवली.